कळा थांबवणारा दोरा

“नाटकं करतेस काय? उचल हंडा!” पाच वर्षांपूर्वी सासूबाई ओरडल्या होत्या. तेव्हा मिताली माझ्या पोटात होती, सातवा महिना, आणि पोट दगडासारखं आवळलं होतं.

यंदा धाकट्या जावेचं, भाविकाचं, पोट तसंच आवळलं, तर त्याच सासूबाईंनी दयाराम महाराजांना आणायला आपटा गावाला रिक्षा धाडली!

महाराजांनी तिच्या पोटाला लाल दोरा बांधला, दोन तांबे पाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं आणि एकशे आठ वेळा मंत्र पुटपुटला. अर्ध्या तासात पोट सैल पडलं.

“बाळाला दोऱ्यात बांधलंय!” महाराज गरजले. सगळी आळी पाया पडली. मी मात्र दारात गप्प उभी होते. मनात ओवी जळत होती:

धाकल्या जावेला, बाई, दुधातुपाची ग वाटी
थोरलीचे दिस गेले, हंडे वाहता तळ्याकाठी

पुढे उलव्याहूनसुद्धा गरोदर बायका दोरा घ्यायला आमच्या ओटीवर येऊ लागल्या.

आठव्या महिन्यात, त्या बायकांच्या देखतच, भाविका कळवळली. पुन्हा पाणी, पुन्हा कूस, पुन्हा मंत्र. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर. दहा मिनिटांनी कळ. मग आठ. मग सात.

महाराजांना घाम फुटला. “या घरात कुणीतरी हेवा करतंय! त्याबिगर माझा दोरा हरायचा नाही!”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “कुमुद, तूच ना गो ती?”

“हो, मीच. जळते मी तिच्यावर. पण हेव्यानं कळा येत नाहीत, आणि दोऱ्यानं थांबत नाहीत.” मी दोरा सोडून टाकला. “मागं ज्या थांबल्या, त्या सरावाच्या कळा होत्या. पोट मधूनच आवळतं, त्याला नेम नसतो. पाणी पिऊन, कूस बदलून, विसावा घेतला की जातं. माझ्या वेळी आरोग्य केंद्रातल्या वसुंधरा सिस्टरनं हेच करायला लावलं होतं, मंत्राबिगर! आजच्या कळा कंबरेतून येतायत, नेमानं येतायत, वाढतायत. दीपेश भावोजी, बायकोला घ्या, गाडी काढा!”

“निदान एकशे आठ पुरे होऊ द्या,” महाराज म्हणाले.

“तुम्ही मोजत बसा. आम्ही निघालो.”

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी कळा थोपवायचं औषध दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी सुई दिली. “वेळेत आलात,” म्हणाल्या.

बायांनो, पोट आवळलं तर पाणी प्या, कुशीवर व्हा, घड्याळ बघा. तरी कळा नेमानं येत राहिल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, किंवा नुसती शंका जरी आली, तरी दवाखाना गाठा. दिवस भरले नसतील तर एक घटकाही थांबू नका. कुठलाही दोरा कळ ओळखत नाही.

संध्याकाळी भाविकानं माझा हात धरला. “ताई, दोऱ्यात काही नाही, हे तुला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं?”

माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

“ठाऊक होतं गो. तुझे लाड मला बघवत नव्हते, म्हणून मी बोलले नाही.”