काउंटरवरचा खळगा

मालाची गाडी लागोपाठ दुसऱ्या मंगळवारी दुकानासमोरून न थांबता गेली, तेव्हा ताईने गाडीवाल्याला फोन लावला.

"ताई, तुम्ही दुकान बंद करताय ना?" तो म्हणाला. "फोटो फिरतोय मोबाइलवर."

फोटो बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो धाकट्या भावाने काढलेला. अंधारं, रिकामं दुकान, लाकडी काउंटर, त्यावर गुळगुळीत खळगा. खाली लिहिलेलं, 'बाबांच्या कोपराची खूण. एका दुकानाचे अखेरचे दिवस.' हजारो लोक हळहळले होते. त्यातल्या एकानेही इथून कधी साबणाची वडी नेली नव्हती. आणि सकाळीच समोरच्या शिंपीणबाई विचारून गेल्या होत्या, फळ्या विकणार का म्हणून.

इतक्या वर्षांत भावाने कधी एक पोतं उचललं नव्हतं. मागच्या महिन्यात मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून आला आणि त्याला दुकानाचा उमाळा आला. फ्रिजवर गोणपाट टाकलं, ट्यूबलाइट घालवली, आणि वर म्हणाला, "ताई, जरा बाजूला हो ना." ती झाली बाजूला. तिथेच चुकलं.

आज स्वारी पुन्हा हजर. शहरात प्रदर्शन ठरलं होतं. आल्या आल्या त्याने गोणपाट शोधायला घेतलं.

"तो फोटो आधी काढून टाक," ताई म्हणाली.

"अगं, लोकांना किती आवडलाय. बाबांची आठवण आहे ती."

"बाबांचं काउंटर वाळवीने खाल्लं. बाबा गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी हे नवीन करून घेतलं. खळगा माझ्या कोपराचा आहे."

भाऊ काउंटरकडे बघत राहिला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी? पंचवीस वर्षं उभी आहे इथे. तुला खळगा दिसला आणि मी मधे येत होते."

"बरं, खालची ओळ बदलतो."

"ओळ नको. फोटो दुसरा काढ."

तिने त्याच्या हातातलं गोणपाट ओढून कोपऱ्यात भिरकावलं आणि ट्यूबलाइट लावली. मग काउंटरमागे जाऊन नेहमीसारखं कोपर टेकलं. ते खळग्यात नेमकं बसलं.

"या उजेडात फोटो पांढराफटक येईल," तो पुटपुटला.

"येऊ दे. आणि खाली लिही, दुकान चालू आहे."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात शिंपीणबाई दोऱ्याचं रीळ घ्यायला आल्या आणि नेमक्या मधे उभ्या राहिल्या. बाजूला व्हा म्हणायला भावाने तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे बघितलं.

तोंड मिटून त्याने बटण दाबलं.