थवा लटकलाय, कोण येतंय?

क्लॅरी पिकअप घेऊन आमच्या दारात आले तेव्हा मी दोरीवर चादरी वाळत घालत होते. गाडीत मागे मध काढायचं त्यांचं यंत्र, धूर करायचं भांडं आणि जाळीच्या टोप्या होत्या. सगळं दोराने इतकं नीट बांधलेलं, की मला वाटलं म्हातारबा प्रदर्शनाला निघालेत.

"कुठे उतरवू?" त्यांनी विचारलं.

"काय उतरवताय?"

"हे सगळं. क्लबाला देऊन टाकतोय. नव्या पोरांना कामी येईल."

ह्युऑन नदीच्या या खोऱ्यात ज्यांच्या ज्यांच्या घरी मधाच्या पेट्या आहेत, त्यातल्या निम्म्यांना क्लॅरींनी शिकवलंय. मलाही. "माशी चावली तर चावली, नोलीन, पण तू किंचाळू नकोस, ती बिचारी घाबरते," हे मी त्यांच्याकडून ऐकलेलं पहिलं वाक्य. वय ऐंशीच्या पुढे, गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत. यंदाच्या हिवाळ्यात त्यांच्या शेवटच्या पेटीतल्या माश्या मेल्या. थंडी सरल्यावर त्यांनी ती पेटी घासूनपुसून, नव्या चौकटी घालून सफरचंदाच्या झाडाखाली मांडली आणि मधमाश्यांच्या थव्याची वाट बघत बसले. विकतच्या माश्या त्यांना चालत नाहीत. विकतच्या माश्या म्हणजे भाड्याचे पाहुणे, असं त्यांचं म्हणणं.

वसंतात इकडे जुन्या पेट्यांमधून थवे बाहेर पडतात आणि मिळेल तिथे लोंबकळतात, कुणाच्या टपालपेटीला, कुणाच्या तुळईला. घाबरलेला घरमालक आमच्या मधमाश्या पाळणाऱ्यांच्या क्लबाला कळवतो, आणि जो सभासद आधी "येतो" म्हणेल त्याचा तो थवा. पूर्वी हे सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या फोनवर चालायचं. मी एकेकाला पाळीपाळीने फोन करायची. गेल्या वर्षी एकदाही चहा गरम पिता आला नाही, तेव्हा मी हा फोन नदीत फेकेन म्हणून जाहीर केलं. मग माझ्या नवऱ्याने, गार्थने, तोडगा काढला. घरमालकाने क्लबाच्या वेबसाइटवर माहिती भरायची, की सगळ्या सभासदांना आपोआप मेल.

हे सगळं चालतं आमच्या धुण्याच्या खोलीतल्या एका संगणकावर. गार्थला कुणाचं मिंधं राहायचं नसतं. आमचे फोटो, आमचं कॅलेंडर, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, सगळं त्या डब्यावर. जगातल्या बड्या कंपन्यांना नोलीनच्या स्कॉनची पाककृती चोरता येऊ नये म्हणून हा बंदोबस्त, असं मी पाहुण्यांना सांगते.

"क्लॅरी, हे काय खूळ?" मी म्हटलं.

"खूळ नाही पोरी. फोन यायचा बंद झाला, तेव्हाच समजायचं ते समजलो. शिडी चढता येत नाही, म्हणजे मी काय कामाचा? बरोबर आहे तुमचं. पण तू तोंडावर सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं."

मला असा राग आला! आधी त्यांचा, मग गार्थचा. "अहो, फोन बंद झाला कारण मेल सुरू झाली! सगळ्यांना जाते!"

"मला एकसुद्धा आली नाही."

"गाऽऽर्थ!" मी ओरडले. पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यासुद्धा वळून बघू लागल्या.

गार्थ आला, आणि छाती पुढे काढून म्हणाला, की मेल जातात, त्याने स्वतः तपासलंय.

"कुणाला पाठवून तपासलंस?"

"मला."

"आणि तुझी मेल कुठे असते?"

"त्याच डब्यावर."

म्हणजे साहेब धुण्याच्या खोलीतून धुण्याच्या खोलीत पत्र टाकत होते आणि पोचलं म्हणून खूश होत होते! मी चादरी तशाच टाकल्या, त्याला क्लॅरींच्या गाडीत कोंबलं आणि आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो.

क्लॅरींच्या स्वयंपाकघरात भाचीने दिलेला टॅबलेट भिंतीला टेकवून ठेवलेला. गार्थने तो उघडला, बाजूच्या यादीतल्या स्पॅमवर बोट ठेवलं, आणि आम्ही तिघं बघतच राहिलो. एकाखाली एक, पडदाभर. थवा लटकलाय, फ्रँकलिनची जेट्टी, कोण येतंय? थवा लटकलाय, सिग्नेटची शाळा, कोण येतंय? काखेत कळसा म्हणतात तो हाच.

क्लॅरींनी चष्मा पुसला. "हे सगळं मला आलं होतं?"

"तुम्हालाच," गार्थ म्हणाला.

म्हाताऱ्याने खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून एकेक वाचायला घेतली. त्यातला प्रत्येक थवा केव्हाच कुणीतरी नेला होता. तरी ते वाचत होते. मधेच म्हणाले, "हा तर माझ्या मागच्याच गल्लीत होता. चालत गेलो असतो." मी किटली ठेवली आणि तोंड फिरवून कप शोधत बसले, कप समोरच होते.

"पण या मेल वाईट ठिकाणी का गेल्या?" त्यांनी विचारलं. "मी तर हात लावला नाही."

गार्थने मान खाली घालून सांगितलं. थवा कळवणाऱ्या घरमालकिणीला सभासदाचं उत्तर थेट जावं, म्हणून त्याने मेल पाठवणाऱ्याच्या जागी त्या बाईचंच नाव आणि पत्ता घातला होता. क्लॅरींच्या मेलचा पहारेकरी त्या बाईच्या मेल कंपनीला विचारतो, हे पत्र तुमच्याकडून निघालं का? ती म्हणते, छे, आमचा काही संबंध नाही. मग पहारेकरी ठरवतो की हा कुणी तोतया आहे.

"म्हणजे तू परक्या बायकांच्या सह्या ठोकत होतास," क्लॅरी म्हणाले. "एवढ्यावरून आमच्या काळी तुरुंगात घालायचे."

ते हसले. गार्थ नाही हसला.

घरी आल्यावर मी पेट्राला फोन लावला. या मोसमात जवळजवळ सगळे थवे पेट्रानेच नेले होते, आणि क्लबात तिच्याबद्दल बरंच काही बोललं जात होतं. हावरट, नोलीनकडून आतून कळवून घेते, वगैरे. माझ्याबद्दलही बोललं जात असणार.

"मेल स्पॅममधे येतात, माहिती होतं तुला?"

"हो की! मी रोज सकाळी आधी तेच उघडते."

"का गं?"

"माझ्या बहिणीला मी तिथे टाकलंय. काय बरळलीय ते बघायला मजा येते." मग तिला उमगलं. "थांब. म्हणजे बाकी कुणाला मिळतच नव्हत्या? मला वाटलं सगळे आळशी आहेत!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. मी तिला क्लॅरींचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि पेट्रा गप्प राहिली की फोन बिघडला असं समजायची आमची पद्धत आहे.

गार्थ जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसला होता. सह्यांचा घोळ निस्तरणं सोपं होतं. पाठवणारा म्हणून क्लबाचं नाव टाकायचं आणि उत्तर कुठे जावं तिथे बाईचा पत्ता. अडचण पुढचीच होती. घरच्या साध्या जोडणीवरून निघालेली मेल कुठलीच मोठी कंपनी विश्वासाने घेत नाही, कारण जगातले भामटे अशाच घरांमधून पाठवतात.

"सगळ्यांनी फोनमधे एक ॲप टाकलं तर?" तो म्हणाला. "मेलच नको. थेट घंटा वाजेल."

"क्लॅरींचा फोन बटणांचा आहे."

"फुकटचं मेल खातं काढून त्यातून पाठवलं तर? पण त्याला रोजची मर्यादा. मोसमात एका दिवसात संपेल."

"आणखी?"

तो चुळबुळला. "मेल पोचवणाऱ्या कंपन्या असतात. आपल्या डब्याने पत्र त्यांच्या हाती द्यायचं, ते पोचवतात. आपल्याएवढ्या थोड्या मेलना पैसेही घेत नाहीत. क्लबाच्या इंटरनेटवरच्या नावाच्या नोंदीत एकदा लिहून ठेवायचं, की आमची पत्रं हे लोक नेतात. मग पहारेकरी विचारतो तेव्हा हो म्हणून उत्तर मिळतं."

"मग घोडं कुठे अडलं?"

"ते आपलं स्वतःचं नाही ना, नोलीन."

"अरे राजा," मी म्हटलं, "पत्र आपलं, सही आपली, डबा आपला. पोस्टमन कधी आपला होता? तुझ्या आईची पत्रं काय तू घोड्यावर बसून नेत होतास?"

तो हसला, हे बरं झालं. अर्धा दिवस काहीबाही बदलत बसला, आणि या वेळी स्वतःला पाठवून बघितलं नाही. पेट्राला पाठवलं, मला पाठवलं, क्लॅरींना पाठवलं आणि गाडी काढून क्लॅरींच्या टॅबलेटवर स्वतः बघून आला. सगळ्यांना क्लबाच्या नावाने रीतसर एक माफीही गेली, आणि क्लॅरींची हकीकत तर पेट्राकडून एव्हाना क्लबभर झाली होती. क्लॅरींनी यंत्र देऊन टाकायचा विचार सोडला, पण अंगणातली पेटी रिकामीच होती आणि मोसम उताराला लागला होता. सफरचंदाचा मोहोर झडायला लागला की थवे कमी होतात. आता एखादा आला तरी बाकीच्या पस्तीस जणांनाही तो दिसणार होता. क्लॅरी टाइप करतात एका बोटाने, तेही आधी अक्षर शोधून.

बुधवारी सकाळी थवा आला. एका बाईच्या अंगणात, क्विन्सच्या फळझाडाला, कमरेइतक्या उंचीवर. म्हणजे शिडीची गरज नाही. मेल गेली. गार्थ आणि मी पडद्यासमोर बसलो, कारण उत्तराची एक प्रत आमच्याकडे येते.

एक मिनिट गेलं. काही नाही. आणखी दोन गेली. एरवी पेट्रा घास गिळायच्या आत उत्तर देते.

"पुन्हा बिघडलं," गार्थ पांढराफटक पडला. "कुणालाच पोचली नाही."

"थांब जरा."

"थांब काय? अख्ख्या क्लबात एकालाही उत्तर देता येत नाही?" तो डब्यावरच्या नोंदी उघडून बडबडायला लागला. नोंदी म्हणत होत्या, सगळीकडे पोचली. त्याचा आता नोंदींवरही विश्वास नव्हता.

मी पेट्राला फोन लावला. "मेल आली का गं तुला?"

"आली की. केव्हाच. स्पॅममधे नाही, चांगली समोर."

"मग?"

"मग काय? हातांवर बसलेय, चुकून उत्तर जाऊ नये म्हणून." ती कुजबुजत होती, का ते देव जाणे. "कुणी घेतला का?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही?" ती म्हणाली. "अगं, मला वाटलं मी एकटीच थांबलेय."

मी फोन ठेवला आणि गार्थच्या खांद्यावर हात ठेवला. "काही बिघडलेलं नाही. बस खाली." मला रडू येत होतं आणि हसूही. पस्तीस माणसं आपापल्या स्वयंपाकघरात गप्प बसली होती, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग पडद्यावर एक ओळ उमटली. "कोणी गेलं नसेल तर मी येतो. क्लॅरी."

दुपारी स्कॉन घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सफरचंदाच्या झाडाखाली पेटीच्या तोंडाशी माश्यांची जा-ये सुरू झाली होती, आणि क्लॅरी खुर्ची टाकून, टोपी न घालता, अगदी शेजारी बसले होते. चेहरा नुसता फुललेला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "राणी पहिल्याच ओंजळीत आली. आणि सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं मी! एका बोटाने!"

"बघितलं."

"तुला म्हणून सांगतो, नोलीन, तुझ्या क्लबातली माणसं फार ढिली झालीयत. एवढा वेळ मेल पडली होती, आणि एकालाही हलता येईना? आमच्या वेळी असं नव्हतं."

"ढिलीच आहेत," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी गवतात बसले.