दाबलेलं बटण मला कळत नव्हतं

मित्रांनो, गंगाखेडच्या एका टायपिंग क्लासने बाद केलेला जुना संगणक तो मी. जुना आहे हे कबूल. पण कोणी बिनकामाचा म्हटलं की माझा पंखा जोरात फिरायला लागतो. आम्हा मुक्या यंत्रांना चिडायची दुसरी सोय नसते.

भंगारात जाणार होतो, तेवढ्यात गावातल्या साक्षी नावाच्या मुलीने मला घरी आणलं. तिचे वडील सिद्धोधनराव यांचं एके काळी बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मोबाईल आले आणि पार्लर बसलं. मग मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हाताची बोटं काही हलेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी कोपऱ्यात भिरकावला.

साक्षीने डोकं लढवलं. माझ्यात लिनक्स ही जुन्या संगणकावरही चालणारी मोफत प्रणाली घातली आणि एमुलेटर बसवला. एमुलेटर म्हणजे जुन्या गेम मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. पार्लरमधलं एक लाल बटण घरात पडून होतं, ते फळीवर बसवून मला जोडलं. बटण दाबलं की गेम सुरू, पुन्हा दाबलं की पडद्यावरचा माणूस खड्ड्यावरून उडी मारतो. फक्त उजव्या हातानेच दाबायचं, अशी तिने वडिलांना सक्त ताकीद दिली. सिद्धोधनरावांचं बोट थरथरत खाली गेलं, माणूस उडाला आणि घरात आनंदीआनंद झाला. त्यांच्या पत्नी धम्मशीलाबाईंनी माझ्यावर भरतकामाचा रुमाल घातला. रुमालाने मला गुदमरायला व्हायचं, पण कौतुक होत होतं म्हणून सहन केलं.

पुढे साक्षीला पुण्यात नोकरी लागली. मला सुरू करून पासवर्ड टाकणं आईवडिलांना जमणारं नव्हतं. म्हणून जायच्या दिवशी तिने गेमची ‘सर्व्हिस’ बनवली. म्हणजे वीज आली की कोणाला न विचारता गेम आपोआप सुरू व्हायचा, मध्येच बंद पडला तर आपोआप उठायचा. त्या सर्व्हिससाठी तिने माझ्यात एक वेगळं खातं उघडलं. मला बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा उजळला, संगीत वाजलं. तिने समाधानाने बॅग उचलली आणि गाडी गाठायला पळाली.

बटण तेवढं दाबून बघितलं नाही.

बटणाचा इशारा वाचायची परवानगी साक्षीच्या खात्याला होती, नव्या खात्याला नव्हती. आता बटण दाबलं काय अन् न दाबलं काय, मला सारखंच. कोणी खेळत नसेल तेव्हा हा गेम नुसता नमुना दाखवत बसतो. माणूस आपोआप पळतो, आपोआप उड्या मारतो. नमुना चालू आहे म्हणजे बटण दाबलंच गेलं नाही, हे पार्लर चालवलेल्या माणसाला कोण शिकवणार? वापरून वापरून मऊ झालेल्या त्या बटणाचा आवाजही येत नसे आणि बधिर बोटाला ते खाली गेलेलं कळत नसे. सिद्धोधनराव दाबत राहिले, घामाघूम झाले. शेवटी हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाले, "संपला हा हात."

अहो, हात ठीक होता! एकदा डाव्या हाताने दाबून बघा, असं मी पंखा फिरवून फिरवून सांगत होतो. पण लेकीची ताकीद मोडतील तर ते सिद्धोधनराव कसले! दिवसातून कितीदा तरी वीज जायची, यायची आणि मी इमानदारीने उठून तोच नमुना दाखवायचो. माझा मलाच राग यायचा.

पुण्याहून फोन आला की ते म्हणायचे, "चालायलंय, चांगलं चालायलंय. तू तुझ्या कामाकडं बघ." धम्मशीलाबाई स्वयंपाकघरातून संगीत ऐकायच्या आणि खुशीत सांगायच्या, दिवसभर खेळायलेत. प्रत्यक्षात ते माझ्याकडे पाठ करून बसलेले असायचे. पुढे पुढे उजव्या हाताने घास उचलायचा प्रयत्नही त्यांनी सोडला.

उन्हाळ्यात साक्षी सुटी काढून आली. खेळून दाखवा म्हणाली, तर त्यांनी मान फिरवली. मग तीच बसली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मूठ आपटली. माणूस आपला आपोआप पळतोय.

सिद्धोधनरावांनी वळून पाहिलं. "तुज्यानं बी होईना?"

साक्षी त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, कवापासून असं हाय?"

"तू गेल्यापासून. मला वाटलं, हातच गेला."

तिने माझ्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा चूक सापडली. तिने नव्या खात्याला परवानगी दिली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि वडिलांचं बोट स्वतः बटणावर ठेवलं. बोट आता काठीसारखं ताठ झालं होतं. खूप वेळाने बटण खाली गेलं. गेम सुरू झाला, माणूस धावला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. तरी ते रडत रडत हसले. मला मात्र हसू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात सराव चालू असता तर एव्हाना मूठ वळली असती.

म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्र ऐकत नसेल तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, घरातल्या दुसऱ्या कोणालाही दाबून बघायला सांगा. यंत्र सुरू करून देणाऱ्यांनो, पडदा उजळला म्हणून निघून जाऊ नका. ज्याच्यासाठी केलं, त्याला एकदा समोर बसवून, त्याच्या हाताने चालतंय का ते बघा. आणि घरून कोणी फोनवर चांगलं चालायलंय म्हणालं, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका.