एकच क्रमांक, दोन विमानं

तेनरीने अहवालाचं शेवटचं पान पालथं घातलं आणि पुन्हा सुलटं करून वाचलं. दोषी म्हणून नाव तिचंच होतं.

इंडोनेशियातल्या मकास्सरच्या हवाई नियंत्रण कक्षातून प्रत्येक विमानाला चार आकडी क्रमांक मिळतो. वैमानिक तो आपल्या यंत्रात भरतो. रडारने विचारलं की यंत्र तो सांगतं, आणि पडद्यावरच्या ठिपक्याशेजारी विमानाचं नाव उमटतं. अहवाल ज्या सकाळचा होता, त्या सकाळी ज्येष्ठ नियंत्रक दाएंग मांगालेंनी एकच क्रमांक दोन विमानांना दिला. नावांची अदलाबदल झाली. समुद्रावरचं विमान डोंगरावर दिसू लागलं. शेजारी बसलेल्या तेनरीच्या ते लक्षात आलं. तिने माइक ओढून घेतला आणि दोन्ही वैमानिकांना खाली येऊ नका म्हणून बजावलं. दीडशे माणसं सुखरूप उतरली.

हे काम तिला मांगालेंनीच शिकवलेलं; ती त्यांना आपुलकीने दाएंग, म्हणजे दादा, म्हणे. ईदला त्यांची बायको तिच्यासाठी आठवणीने बुरासा, नारळाच्या दुधातला सणाचा भात, राखून ठेवी. त्या दुपारी कॅन्टीनमध्ये ते म्हणाले,

"पोरी, तू काही लिहू नकोस. माझी चूक मीच कळवतो."

तिने लिहिलं नाही. कक्षातल्या बोलण्याची टेप तीस दिवस ठेवतात, मग पुसतात. मध्ये दोनदा तिने विचारलं, "दाएंग, कळवलंत ना?" दोन्ही वेळा ते हसून हो म्हणाले. एकतिसाव्या दिवशी त्यांनी खरोखरच कळवलं, की क्रमांक तेनरीने दिला होता.

शिक्षा फार नव्हती. महिनाभर वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करायचं. वरिष्ठ म्हणून नेमणूक मांगालेंचीच झाली.

सोमवारी त्यांनी उठून तिला खुर्ची दिली. तिच्यासाठी कॉफीही आणून ठेवली.

"रागावलीस? माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत गं. तुझं अख्खं आयुष्य पडलंय, तू सावरशील."

तिने कॉफी बाजूला सरकवली, हेडफोन चढवला. पडद्यावर सात विमानं होती. पहिल्याला हाक मारून तिने ओळखीचं बटण दाबायला सांगितलं. त्याचा ठिपका ठळक होऊन लुकलुकला. नाव बरोबर होतं. तिने कागदावर खूण केली आणि दुसऱ्याला तेच सांगितलं. पाळी बदलताना असं कुणी करत नसे. आजूबाजूचे वळून पाहू लागले.

मांगाले खाली वाकून हळूच म्हणाले, "अगं, मी आत्ताच सगळी तपासलीत."

"तपासली असतील, सर," ती म्हणाली आणि तिने तिसऱ्याला हाक मारली.