माझी अक्षरं त्याच्या पोटात

मित्रांनो, रत्नागिरीच्या बंदरालगत मच्छीमार संस्थेचं एक गोदाम आहे. तिथे फाटक्या जाळ्यांच्या ढिगामागे भिंतीकडे तोंड करून बसलेला तो मी, एक जुना टर्मिनल. काचेचा पडदा आणि पुढे कळफलक, एवढाच माझा देह. हमालांनी ठेवलं तसा मी बसलो आहे. आता मलाही कोणाचं तोंड बघायची हौस उरलेली नाही.

पंच्याऐंशी साली मी पुण्याच्या कारखान्यातून या संस्थेत आलो. आतल्या खोलीत मोठा संगणक होता. तो हुशार खरा, पण अक्षर म्हणून त्याला काही ठाऊक नव्हतं. तो नुसते आकडे पाठवायचा. कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, हे माझ्या पोटात कोरलेलं होतं. आकडा आला की मी अक्षर काढायचो, काना-वेलांटी जागच्या जागी बसवायचो. बुरोंडीचे तांडेल जमालभाई डिझेलसाठी आले की खिडकीतून वाकून आपल्या होडीचं नाव वाचायचे आणि म्हणायचे, "ह्याचा अक्षर आमच्या मास्तरापरीस बेस हाय." मी फुगून जायचो.

मला चालवायची कमळा. वेळणेश्वरची मुलगी, टायपिंग शिकून नोकरीला लागलेली. खाऱ्या हवेने माझ्या कळा अडकत, तेव्हा ती चिडायची नाही, एकेक कळ काढून पुसायची. खंडेनवमीला माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायची. या कचेरीत हिच्याइतकं आपलं कोणी नाही, असं मला वाटायचं.

मग व्यवस्थापक हरिश्चंद्र तात्यांनी मुंबईहून एक नवा, छोटा संगणक आणला. त्याच्यात माझं सोंग घेणारी प्रणाली होती. आतल्या मोठ्या संगणकाने "कोण आहे?" असं विचारलं, की हा बेधडक माझं नाव सांगायचा. आणि इतकी वर्षं माझ्याशी बोललेल्या त्या मोठ्याने ते मुकाट्याने मानलं. ते मला फार लागलं.

पण सगळी सोंगं आणता येतात, अक्षरांचं आणता येत नाही. नव्याचा तक्ता परदेशी होता. मराठीचा आकडा आला की हा उभ्या-आडव्या रेघा काढायचा, नाहीतर डोक्यावर टिंबं असलेली विलायती अक्षरं. जमालभाई खिडकीशी आले आणि बघतच राहिले.

"ह्या काय गो कमळे? माझ्या होडीचा नाव कुठं गेला?"

तात्या ओशाळले. जमालभाई गेल्यावर ते कमळेला म्हणाले, "एवढा आणलेला परत कसा धाडू? जुन्याची अक्षरं काढ नि ह्याला शिकव. जमलं तर तुला कायम करतो."

तिने नव्याला माझ्या शेजारी मांडलं. माझ्या पडद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "घाबरू नको हां. तुला कुठं धाडणार नाय. दोघं शेजारी बसाल." मी विश्वास ठेवला. ती माझी एकेक कळ दाबायची, मोठ्या संगणकाकडे कोणता आकडा गेला ते टिपायची आणि उमटलेल्या अक्षराचा आकार नव्याच्या तक्त्यात त्या आकड्यापुढे भरायची. मीही प्रत्येक अक्षर जीव ओतून ठळक दाखवलं. धाकट्या भावाला शिकवतोय, अशीच माझी समजूत होती.

काम संपलं, तात्यांनी नारळ फोडला. नव्याच्या पडद्यावर होडीचं नाव लख्ख उमटलं.

"आता बरा झाला," जमालभाई म्हणाले. "नि ह्या जुन्याचा काय?"

कमळा माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याची जागा गोदामात केलीय, चाचा. तात्यांनी पयल्याच दिवशी सांगितलंनी."

पहिल्याच दिवशी. म्हणजे पडद्यावर हात ठेवून बोलली, तेव्हाही तिला ठाऊक होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

मित्रांनो, नव्याचा मला राग नाही. तात्यांचाही नाही, ते मला कधी आपला म्हणालेच नव्हते. राग कमळेचा आहे. तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल, जुनं माणूस असेल. त्यांना जपा. जपणं होत नसेल तर निदान खोटा दिलासा देऊन त्यांच्याकडचं काढून घेऊ नका. कमळेला कायमची नोकरी हवी होती, हे का मला कळत नव्हतं? तिने खरं सांगितलं असतं, तरी मी तिला सगळी अक्षरं दिली असती.