साराकाकूंच्या दारातला नवा रस्ता

मित्रांनो, माझे सगळे भाऊबंद आपली गोष्ट ‘मी एक जुना’ अशी सुरू करतात. मला ते भाग्य नाही. मी एक नवाकोरा डांबरी रस्ता आहे; मला अजून दोन महिनेही झाले नाहीत. रोह्याजवळच्या वरसे गावात, जेकबकाकांच्या पायरीपासून फाटकापर्यंत, एवढीच माझी दुनिया.

काकांनी मला करून घेतलं ते बायकोसाठी, साराकाकूंसाठी. मुलं इस्रायलला गेलेली, घरात दोघंच. गुडघे गेल्यापासून काकू चाकांच्या खुर्चीत असतात. पूर्वी इथे खडी होती, तिच्यात चाकं रुतायची. म्हणून दोन वर्षं त्या फाटकापर्यंत आल्या नव्हत्या. फाटकाशी कोळीण आली की मासळी स्वतः पारखून घ्यायची, एवढीच त्यांची हौस उरली होती. काकांनी आणलेला मासा त्यांना कधी ताजा वाटलाच नाही.

मला घडवलं वाडीवर राहणाऱ्या आवडी नावाच्या मजूरबाईने. भर उन्हात तिने डांबर-खडीचा गरम माल पसरला, सारखा केला, वरून रोलर फिरवला. जाताना तिने बजावलं, “काका, आठ दिस चाक नको फिरवू. नि डिझेलचा थेंब पन नको पाडू, डांबर इरघळतंय.”

काका हसले. “आमच्याकडं गाडीच नाय गो, डिझेल कुठनं येनार?”

आणि आठ दिवस कोण थांबतो! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिसऱ्याच दिवशी भर दुपारी काकांनी खुर्ची बाहेर काढली. काकू फाटकाशी पोचल्या, त्यांनी रावसाचे कल्ले उघडून पाहिले आणि मनापासून हसल्या. मला धन्य धन्य वाटलं. पण मी अजून कोवळा होतो. माझं डांबर चाकांना चिकटलं आणि घरातल्या फरशीवर काळे पट्टे उमटले.

मग काकांनी शेजारच्या टेम्पोवाल्याकडून बाटलीभर डिझेल आणलं आणि चाकं पुसली. कुठे? पायरीखाली, माझ्याच अंगावर. रोज फेरी, रोज पुसणं, रोज त्याच जागी थेंब. डिझेलने मी जास्त मऊ व्हायचो, मग जास्त चिकटायचो, आणि काका जास्त पुसायचे. बायकोची खुर्ची ते इतक्या मायेने पुसत की मला त्यांचा रागही येईना. नुसतं ‘थांबा’ म्हणायचं होतं, तेवढंही मला जमलं नाही.

विसाव्या दिवशी पुढचं चाक तिथेच रुतलं. खुर्ची कलंडली आणि काकूंचं मनगट मोडलं.

काकांनी आवडीला बोलावून घेतलं. खोटा माल घातलास म्हणून तोंडाला येईल ते बोलले. ती खाली बसली, बोटाने मला उकरलं, हुंगलं.

“काका, ह्यो डिझेलचा वास हाय.”

तिने तेवढा तुकडा खणून काढला आणि नवा माल ठोकून भरला. या वेळी काकांनी पुरते पंधरा दिवस वाट पाहिली. मग ते म्हणाले, “चल, सारा.”

“नको,” प्लास्टरमधलं मनगट छातीशी धरत काकू म्हणाल्या. “तुमीच जा.”

मित्रांनो, नव्या रस्त्यावर माया असेल, तर आधी त्याला थोडे दिवस एकटं सोडा. आणि ज्या हातांनी तो केला, त्यांचं सांगणं हसण्यावारी नेऊ नका. आता मी चांगला पक्का झालो आहे. खुर्ची रोज दारापर्यंत येते आणि थांबते. रस्ता असूनही मला उठून काकूंपर्यंत जाता येत नाही.