गप्पांचं वादळ

आमच्या न्यू बेडफर्डच्या हॅथवे दफ्तरखान्यात जुन्या जहाजांच्या रोजनिशा वाचायला यंत्र आलं, तेव्हा संचालक विन्स्लोसाहेबांनी त्याला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. यंत्र व्यापारी जहाजांच्या वह्यांवर शिकलेलं. आमची जहाजं देवमाशांच्या शिकारीची. भर समुद्रात दोन जहाजं भेटली की थांबायचं, होडीतून एकमेकांकडे गप्पांना जायचं. त्याला शिकारी म्हणत ‘गॅम’. यंत्राला हा शब्दच ठाऊक नाही. त्याने सगळीकडे ‘गेल’ वाचलं. म्हणजे तुफान.

घरी बाळ झोपेल तेवढ्यात यंत्राचं वाचन तपासायचं, हे माझं काम. एक दिवस ‘प्रूडन्स’ जहाजाची नोंद आली. कप्तानाची बायको हेप्सिबा जहाजावर होती, समुद्रावरच बाळंत झालेली. यंत्र म्हणे, ‘दिवसभर तुफान. मिसेस मेसींनी बाळ घेतलं. हेप्सिबा फार हसली.’

तुफानात कुठली बाई हसते? मूळ पान काढलं. दिवसभर गॅम! मिसेस मेसी भेटीला आलेल्या जहाजावरच्या; बाळ झाल्यापासून हेप्सिबाला पहिल्यांदाच दुसरी बाई दिसली होती.

बाळाला कडेवर घेऊन मी दफ्तरखाना गाठला.

“साहेब, हे तुफान नाही, गप्पा आहेत.”

“गॅम मला शिकवू नकोस, पोरी. माझे खापरपणजोबा शिकारीवर होते.”

“मग दुरुस्त करू ना?”

“आणि शुक्रवारी पत्रकारांना काय दाखवू? ‘प्रशांत महासागरातलं विसरलेलं वादळ’ म्हणून बोलावलंय. गप्पा ऐकायला कोण येणार?”

“मी येईन की,” शेजारच्या टेबलावरून माझी सहकारी लुर्द्स म्हणाली. तिचं तोंड मालासादाच्या, म्हणजे तळलेल्या पोर्तुगीज गोड पावाच्या, साखरेने माखलेलं.

“यंत्र नव्याण्णव टक्के अचूक आहे, लुर्द्स!”

“हो, उरलेला एक टक्का गप्पा मारत बसला होता.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुझं घरून काम मी चालवून घेतो. पानावर सही कर.”

बाळाने माझे केस मुठीत धरले होते. मी ‘तुफान’ खोडलं, ‘गॅम’ लिहिलं आणि मग सही केली. सोमवारपासून रोज दफ्तरखान्यात हजर राहायचा हुकूम तिथल्या तिथे मिळाला. आता पाळणाघर शोधते आहे.

शुक्रवारी भिंतीवर नकाशा झळकला. यंत्राच्या बाकी सगळ्या ‘तुफानां’चं लालभडक वादळ आणि त्यात, मी दुरुस्त केलेल्या ‘प्रूडन्स’च्या जागी, एक पांढरा ठिपका.

“हे मधोमध काय?” एका पत्रकाराने विचारलं.

साहेब जराही अडखळले नाहीत. “वादळाचा डोळा. तिथे अगदी शांत असतं.”

सगळ्यांनी लिहून घेतलं.

शांत कसलं! दोन बायका बाळ मध्ये घेऊन दिवसभर बोलत होत्या तिथे.